नेव्हिल घराणं: तलवारीआधी सोयरीक

नमस्कार. नेव्हिल घराण्यावरच्या लेखाला तुम्ही सविस्तर प्रतिक्रिया दिलीत, त्याबद्दल आभार. तुमचा आक्षेप असा, की पंधराव्या शतकात इंग्लंडच्या गादीवर दोन राजे बसवणारा वॉरिकचा अर्ल (सरदार) रिचर्ड नेव्हिल तलवारीच्या जोरावर मोठा झाला, आणि मी मात्र लग्नं, वारसे आणि विधवांच्या तक्रारींत लेख घालवला. ‘घरगुती गप्पा’ हा तुमचा शब्द. मला तो मुळीच मान्य नाही.

वॉरिकच्या मागे जी माणसं उभी राहिली ती त्याच्या जमिनीवरची होती, आणि ती जमीन आली तीन स्त्रियांमुळे. मिडलहॅम आणि शेरिफ हटन ही ठाणी त्याच्या वडिलांकडे आली ते आजी जोन बोफर्टमुळे. सॉल्झबरीची जहागीर आई अ‍ॅलिसची. आणि ज्या नावानं आपण त्याला ओळखतो ते वॉरिक बायकोचं, अ‍ॅन बोशँपचं. १४४९ मध्ये वॉरिकची वारस असलेली तिची पाच वर्षांची भाची वारली. अ‍ॅनच्या सावत्र बहिणी बाजूला पडल्या आणि विशीतला हा तरुण इंग्लंडमधल्या सर्वांत श्रीमंत उमरावांत जाऊन बसला. सेंट ऑल्बन्सच्या बाजारपेठेत तो परसबागांमधून माणसं घेऊन घुसला, ते १४५५ साली; यॉर्क आणि लँकेस्टर या राजघराण्यांतल्या गादीच्या युद्धातली ही पहिली लढाई. त्याचा पराक्रम मी नाकारत नाही, पण क्रम असा आहे. त्या लढाईत पडलेला सॉमरसेटचा ड्यूक तर त्याच सावत्र बहिणींपैकी एलेनरचा नवरा होता, आणि बोशँपांच्या वारशावरून त्याचं आणि वॉरिकचं आधीपासूनच वाजलेलं होतं.

‘थोरल्या पातीचं रडगाणं कशाला,’ असंही तुम्ही विचारलंत. थोरली पात म्हणजे वॉरिकच्या आजोबांच्या पहिल्या बायकोचा वंश. माझ्या मते या घराण्याची सगळी गोम तिथंच आहे. आजी जोन ही राजा तिसऱ्या एडवर्डची नात, जॉन ऑफ गाँटची मुलगी. तिचा जन्म आईबापांच्या लग्नाआधीचा. १३९७ मध्ये पार्लमेंटनं तिला आणि तिच्या भावंडांना औरस ठरवलं. दोनच वर्षांनी तिचा सावत्र भाऊ चौथा हेन्री म्हणून राजा झाला. तिचा नवरा, वेस्टमोरलंडचा अर्ल राल्फ, याला आधीच्या बायकोपासूनही मुलं होती. पण राजाची बहीण घरात आल्यावर जमिनीचा मोठा हिस्सा तिच्या मुलांकडे वळवला गेला आणि थोरल्या पातीकडे राहिली ती मुख्यतः पदवी. तिथून भाऊबंदकी पेटली. १४४३ च्या तडजोडीत थोरल्यांना रॅबीचा किल्ला मिळाला, बाकीचं बरंचसं धाकट्यांकडेच राहिलं. १४६० मध्ये वेकफिल्डच्या लढाईत थोरल्या पातीचा जॉन नेव्हिल लँकेस्टरच्या फौजेत होता. समोर यॉर्कच्या बाजूनं लढणारा वॉरिकचा बाप पकडला गेला आणि त्याचं डोकं उडवलं गेलं. राजघराण्याशी जुळलेल्या सोयरिकीनं नेव्हिल मोठे झाले, तसेच दुभंगलेही. हे वगळून या घराण्याचा इतिहास लिहायचा कसा?

(स्टेनड्रॉपच्या चर्चमध्ये राल्फ दोन्ही बायकांच्या मध्ये दगडात कोरलेला आहे. जोनला मात्र लिंकनमध्ये तिच्या आईशेजारी पुरलं आहे.)

सोयरिकीचा हिशेब किती रोखठोक असे तेही बघा. यॉर्क घराण्याच्या बारा वर्षांच्या रिचर्डचं पालकत्व राल्फनं १४२३ मध्ये ३,००० मार्कांना (मार्क हे तेव्हाचं हिशेबाचं चलन) विकत घेतलं आणि पुढे आपली धाकटी लेक सेसिली त्याला दिली. चौथा एडवर्ड आणि तिसरा रिचर्ड हे दोन राजे तिच्या पोटचे.

उरली ‘विधवांची तक्रार’. १४७१ मध्ये वॉरिक बार्नेटच्या लढाईत पडला तेव्हा अ‍ॅन बोशँप ब्यूली मठाच्या आश्रयाला गेली. हाताशी कारकून नाही म्हणून राजा चौथ्या एडवर्डला, राणीला, राजाच्या आईला आपण स्वहस्ते पत्रं लिहिली, असं तिनं आपल्या अर्जात म्हटलं आहे. ही राजाची आई म्हणजे सेसिली, तिच्या नवऱ्याची सख्खी आत्या. उपयोग झाला नाही. तिचे दोन्ही जावई राजाचे भाऊ होते. १४७४ मध्ये पार्लमेंटनं अ‍ॅनला जिवंतपणी मृत धरून तिची मालमत्ता त्यांना वाटून दिली. पुढे राजा झालेल्या सातव्या हेन्रीनं १४८७ मध्ये ती तिला परत केली, आणि लगेच तिच्याकडून राजाच्या नावावर लिहून घेतली.