पाच मिनिटांसाठी गाडी कोण बंद करतं?

पक्या आज कट्ट्यावर तणतणतच आला. शाळा सुटायच्या वेळी गेटसमोर गाडीत बसला होता, एसी लावून. नऊ-दहा वर्षांच्या एका मुलीनं काचेवर टकटक केलं. म्हणाली, "काका, इंजिन बंद करता का?" यानं केलं बंद. राग मात्र संध्याकाळपर्यंत पुरला.

"पाच मिनिटांसाठी कोण बंद करतं? परत स्टार्ट करायला जास्त पेट्रोल जातं."

"ते कार्ब्युरेटरच्या काळात," नाना म्हणाले. नानांची हयात गॅरेजात गेली, त्यामुळे इंजिनाच्या बाबतीत आम्ही त्यांच्याशी वाद घालत नाही. "आता फ्युएल इंजेक्शन आहे. दहा सेकंदांच्या वर थांबायचं असेल तर बंद केलेलंच परवडतं. लहान गाडीसुद्धा नुसती उभ्या उभ्या तासाला अर्धा-पाऊण लिटर पिते. एसीचं वेगळं."

"म्हणजे पाच मिनिटांत पन्नास-साठ मिली! त्यासाठी एवढी बोंब?"

"तू तिथे एकटाच असतोस का रे?" मेधा उसळली. "अख्खी रांग धूर सोडत उभी असते. धूर जमिनीलगत, आणि पोरांची नाकं आपल्यापेक्षा त्याच्या जवळ. त्यांचा श्वासही भरभर चालतो, वजनाच्या मानानं हवा जास्त आत जाते. त्यात डिझेलचा धूर. तो कॅन्सरकारक आहे हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेनं २०१२ सालीच सांगितलंय."

"माझी काच बंद असते."

नाना हसले. "पुढच्याचा सायलेन्सर तुझ्या बॉनेटसमोर. तुझ्या एसीला हवा येते कुठून?"

मग सुध्याचं नेहमीचं सुरू झालं, दंड लावा, दंड लावा. न्यूयॉर्कमध्ये शाळेलगत एक मिनिटाच्या वर इंजिन चालू ठेवायची परवानगी नाही, एरवी तीन मिनिटं. "आणि ते मिनिट मोजत कोण उभं राहणार?" पक्यानं विचारलं, आणि हा प्रश्न मलाही रास्त वाटला. इंग्लंडमधला २००२ सालचा नियम मला जास्त पटतो. तिथे अधिकारी आधी 'बंद करा' म्हणून सांगतो, आणि ऐकलं नाही तरच २० पौंड दंड. म्हणजे त्या मुलीनं जे केलं तेच, फक्त गणवेश वेगळा.

"अरे पण उन्हात गाडीची भट्टी होते त्याचं काय?" पक्याचा हा मुद्दा मात्र खरा होता.

"मग वीस मिनिटं आधी जातोस कशाला?"

"उशिरा गेलं तर जागा मिळत नाही."

"सगळे त्याच्यासाठीच आधी येतात," नाना म्हणाले. "लांब लाव, सुटायच्या वेळी चालत जा."

यावर पक्या काहीच बोलला नाही. मेधानं विचारलं, "तुझ्या पोरीचं काय म्हणणं आहे?"

"तिचं काय विचारतेस! टकटक करायला त्या मैत्रिणीला तिनंच पाठवलं होतं."