गोळी कुणाची, कारखाना कुणाचा

श्रीदादाचा फोन आला की माझा अर्धा रविवार त्यातच जातो. हा माझा थोरला चुलतभाऊ, सोलापूरच्या साखर पेठेतला. विषय ठरलेला: मोठी घराणी लहानांना गिळून मोठी होतायत, आणि आपण बघत बसलोय. त्याचं हुकमी उदाहरण म्हणजे रावळगाव, गोळ्यांची जुनी कंपनी. फेब्रुवारी 2024 मध्ये रिलायन्सने पान पसंद, मँगो मूड, कॉफी ब्रेक ही सगळी नावं 27 कोटींना घेतली. रावळगाव उद्योगपती वालचंद हिराचंदांचं आणि वालचंद जन्मले सोलापुरात, 1882 साली. "आपल्या माणसाची गोळी अंबानींच्या खिशात गेली बे," असं तो म्हणतो, जणू ती गोळी नव्या पेठेतच बनत होती. रावळगाव मालेगावजवळ आहे, हे मी आता सांगायचं सोडून दिलंय.

मला खरा राग येतो तो दुसऱ्याच गोष्टीचा. वालचंदशेठ काय घरच्या तिजोरीवर बसून राहिले होते? कापसाच्या पेढीवरचा हा मुलगा फाटक नावाच्या रेल्वेतल्या माजी कारकुनाशी भागीदारी करतो, बार्शी लाइट रेल्वेचं कंत्राट घेतो. 1919 ला ग्वाल्हेरच्या शिंद्यांकडून 'लॉयल्टी' बोट विकत घेऊन सिंदिया कंपनी ही जहाज कंपनी उभी राहते, आणि पुढे याच सिंदियाच्या पदरात कोकण किनाऱ्याला बोटी सोडणारी बॉम्बे स्टीम नॅव्हिगेशन येते. साताऱ्याची कूपर इंजिनिअरिंगही वालचंद समूहात सामावली. बोटी, साखर, बांधकाम, मोटारी, विमानं. याला तेव्हा आपण स्वदेशी उद्योग म्हणालो, अभिमानाने पुतळे उभारले. तेच दुसऱ्या आडनावाने केलं की गिळणं. शिवाय वालचंदांच्या साम्राज्याचे तुकडे काही आता पडायला लागले नाहीत. बंगळूरचा विमान कारखाना 1940 चा, दोन वर्षांत सरकारने त्यांचा हिस्सा घेऊन टाकला. विशाखापट्टणमची गोदीही पुढे सरकारचीच झाली. त्या दोन्हींसाठी दादा कधी रडला नाही.

मी बर्मिंगहॅमला राहतो. अकरा नंबरच्या बसने कॅडबरीचा कारखाना असलेल्या बोर्नव्हिलवरून जाताना आजही चॉकलेटचा वास येतो. कॅडबरी 2010 मध्ये अमेरिकेच्या क्राफ्टने घेतली, साडेअकरा अब्ज पौंडांना. तेव्हा इथेही अशीच रडारड झाली. क्वेकर या ख्रिस्ती पंथातल्या घराण्याचं चॉकलेट चीजवाल्यांच्या हाती गेलं म्हणून. पण लोकांनी धरून ठेवलं ते वेगळंच: क्राफ्टने ब्रिस्टलजवळचा सॉमरडेलचा कारखाना चालू ठेवू म्हटलं होतं आणि सौदा पक्का झाल्यावर आठवडाभरातच शब्द फिरवला. त्यावरून संसदेत झोडपलं गेलं, कंपनी ताब्यात घेण्याचे नियम 2011 मध्ये कडक झाले. मालक कोण यापेक्षा भट्टी कुठे पेटणार, यावर भांडण झालं. हे मला आवडतं. (वेल्समधल्या पोर्ट टॅलबॉटच्या पोलाद कारखान्याचं नाव कुणी काढलं की मात्र मी विषय बदलतो. तिथल्या भट्ट्या 2024 मध्ये टाटांनी विझवल्या, आणि ऑफिसात त्या आठवड्यात सगळे माझ्याकडेच बघत होते, जणू मीच जमशेदजींचा नातू.)

विकत घेणारा आला नाही की काय होतं, तेही इथेच दिसतं. बीएमडब्ल्यूने 2000 साली रोव्हर ही इथली मोटार कंपनी दहा पौंडांना देऊन टाकली. 2005 मध्ये ती कोसळली, तेव्हा लाँगब्रिजच्या तिच्या कारखान्यातले सहा हजारांच्या आसपास लोक घरी बसले. आज तिथे घरं आणि दुकानं आहेत. सॉलिहलची लँड रोव्हर मात्र 2008 ला टाटांनी फोर्डकडून घेतली आणि तिथे अजून शिफ्ट सुटते.

सोलापूरला लाँगब्रिज नवीन आहे का? 1877 ची जुनी मिल साठच्या दशकात थांबली, लक्ष्मी-विष्णू नव्वदच्या दशकात. नरसिंग गिरजी सरकारच्या महामंडळाने चालवून पाहिली, तीही थांबली. त्या मिलना घराणं नको होतं असं नाही. घराण्यांना मिल नको होत्या, जमिनी हव्या होत्या. भोंग्यावर घड्याळ लावणारं शहर होतं आमचं.

म्हणून रावळगावच्या व्यवहारात दादाला जे खुपायला हवं होतं तेच खुपत नाही. रिलायन्सने ट्रेडमार्क घेतले, पाककृती घेतल्या. जमीन, इमारत, यंत्रं जुन्या मालकाकडेच राहिली. म्हणजे घेतलं ते नाव, कारखाना नव्हे. कॅम्पा कोला घेतानाही रिलायन्सने पैसे मोजले ते नावासाठीच. दुकानं हातात असली की जुनं नाव स्वस्तात उचलायचं आणि आपल्याच फळीवर मांडायचं. याचं दादाला काही नाही, त्याला फक्त आडनाव दिसतं. एकाच घरात मोबाईल, पेट्रोल, किराणा, टीव्ही आणि वर गोळी, याची भीती मलाही वाटते. अदानींनी 2022 मध्ये अंबुजा आणि एसीसी या सिमेंट कंपन्या एका झटक्यात घेतल्या, तिकडून बिर्लांनी इंडिया सिमेंट्स, तेव्हा पोत्याचा भाव कोण ठरवणार, हा दादाचा प्रश्न बरोबर आहे. मक्तेदारीवर लक्ष ठेवणाऱ्या इथल्या स्पर्धा प्राधिकरणावर मी लंबी भाषणं देतो, पण या प्रश्नाला माझ्याकडेही उत्तर नाही.

आणि मी तरी कोण बोलणारा? अक्कलकोट रोडचे आमचे माग आम्ही विकले, शेडसकट, लेबलसकट, टॉवेलच्या धंद्यातल्या एका मोठ्या घराण्याला. दादाने सही केली, मीही केली. माझ्या वाट्यातून इथल्या घराचं डिपॉझिट भरलं. आजही आजोबांच्या नावाचं लेबल लावलेला टॉवेल बाजारात येतो आणि माग तिथेच खडखडतात. मला हा व्यवहार चांगला वाटतो. दादाला वाटत नाही. तो रोज त्या शेडवरून जातो, मी जात नाही, एवढाच फरक आहे की अजून काही, ते मला कळत नाही. पासपोर्ट बदलल्यापासून 'आपल्या' हा शब्द तो माझ्यासमोर जपून वापरतो.

मागच्या रविवारी मात्र सूर वेगळा होता. त्याच्या व्याह्यांचं टॉवेलचं युनिट अडचणीत आहे, निर्यातीचं काम आटलंय. "लेस्टरात गुजराती मंडळी असतात म्हणे, घेणारं कोण हाय का बघ की बे." बघतो म्हणालो, पण करारात एक अट घाला: दहा वर्षं माग सोलापुरातून हलवायचे नाहीत.

"अट घातली तर भाव पडतोय," दादा म्हणाला.