‘थिनर मारा, ब्लेडने खरवडा, फायबरला काही होत नाही’: बोटीवरचं रेडियम काढण्याच्या एका सल्ल्याचा प्रतिवाद

बोटवाल्यांच्या ग्रुपवर बोटीवरचं रेडियम, म्हणजे चिकटवलेली प्लॅस्टिक फिल्मची नावं-पट्टे, काढण्याचा एक सल्ला सारखा फिरत असतो. तो असा: “फायबर बोटीवरचं जुनं रेडियम, नाव, पट्टे काढायला कारागीर लागत नाही. थिनर मारा, ब्लेडने खरवडा. नाहीच सुटलं तर हीट गन फुल्ल करा किंवा ओव्हन क्लीनर फवारा. मागे जुन्या नावाची सावली राहिली तर तेवढ्या जागेवर वॉटर पेपर (पाणी लावून घासायचा पॉलिश पेपर) मारा. फायबरला काही होत नाही.”

शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करू, कारण बाकी सगळं त्याच्याच भरवशावर आहे.

“फायबरला काही होत नाही.” फायबरचं नंतर बघू, ब्लेड आधी जेलकोटला लागतं. बोटीचा रंग आणि चकाकी म्हणून जे दिसतं ते जेलकोट, आणि त्याची जाडी साधारण 0.4 ते 0.6 मिमी. जुन्या बोटीत त्यातलंही थोडं उन्हाने आणि आधीच्या रबिंगने (घासून चकाकी आणण्याने) गेलेलं असतं. कडांवर आणि कोपऱ्यांवर तर आणखी कमी उरतं. तो फाटला की खाली पिवळट-हिरवट, अर्धपारदर्शक लॅमिनेट, म्हणजे खरं फायबर, दिसतं, त्यात काचेच्या मॅटचे धागे. तिथून पाणी आत शिरायला वाट मिळते, आणि रबिंगने ती जागा पुन्हा पांढरी होत नाही.

“पट्टे म्हणजे रेडियमच.” हे सल्ल्यात स्पष्ट लिहिलेलं नाही, पण गृहीत धरलंय, आणि घोटाळा इथेच होतो. पट्ट्याच्या काठावर नख फिरवा. नख अडकलं आणि जरा गरम केल्यावर कोपरा फिल्मसारखा उचलला गेला, तर रेडियम. काठ हलकासा लागतो पण फिल्म उचलत नाही, तर रंग. अशा वेळी न दिसणाऱ्या जागी पांढऱ्या फडक्यावर चार थेंब थिनर घेऊन घासा: फडक्यावर रंग उतरला तर साधा इनॅमल, नाही उतरला तर बहुधा दोन भाग मिसळून मारायचा पीयू (पॉलियुरेथेन) रंग. आणि नखाला काठच लागत नसेल, चकाकी आजूबाजूसारखीच असेल, तर तो पट्टा जेलकोटचाच आहे. साच्यात मास्किंग करून रंगीत जेलकोट मारलेला. तो ‘निघत’ नाही. नको असेल तर त्यावर रंग मारायचा, एवढाच मार्ग.

“थिनर मारा.” रेडियम म्हणजे पीव्हीसीची फिल्म आणि तिच्यामागे गोंद. वर्षानुवर्षांच्या उन्हात फिल्ममधला मऊपणा टिकवणारा प्लॅस्टिसायझर निघून जातो, म्हणून ती कुरकुरीत होऊन नखाएवढ्या तुकड्यांत तुटते. वरून थिनर ओतलं की ते फिल्मखालच्या गोंदापर्यंत नीट पोचत नाही. फिल्म चिकट होते, तिचा रंग सुटतो आणि उन्हाने सच्छिद्र झालेल्या पांढऱ्या जेलकोटमध्ये उतरतो. लाल पट्ट्याच्या जागी गुलाबी डाग दिसतो तो हाच. शिवाय थिनर थेंबलं तर ॲक्रिलिकच्या विंडशील्डवर बारीक तडे पडतात आणि इनॅमल मारलेल्या बोटीचा रंग सुरकुततो.

द्रावक लागतो, पण फिल्म निघाल्यावर, उरलेल्या गोंदासाठी, आणि तोही सावकाश उडणारा. मिनरल टर्पेंटाइन चांगलं. हातभर लांब नावाला 100 ते 150 मिली पुरतं. सुती फडकं भिजवून गोंदावर ठेवायचं, वर प्लॅस्टिकचा कागद लावायचा, म्हणजे ते उडत नाही. 5 ते 10 मिनिटांनी गोंद दह्यासारखा मऊ होतो. प्लॅस्टिकच्या पट्टीने एका दिशेने ढकलत न्यायचा, फडकं सारखं बदलायचं. फडकं तेच ठेवलं तर तोच गोंद सगळीकडे पसरतो. मग साबणाचं पाणी, आणि शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलचा एक हात. ॲसिटोनने झटक्यात पुसलेलं पक्क्या जेलकोटला चालतं, पण भिजत ठेवायचं नाही. पेट्रोल तर नकोच. त्याची वाफ हवेपेक्षा जड असते, बोटीच्या तळाशी साठते आणि ठिणगीची वाट बघत बसते.

“हीट गन फुल्ल करा.” उष्णता हाच खरा उपाय आहे, इथे सल्ला अर्धा बरोबर आहे. चूक ‘फुल्ल’ या शब्दात आहे. फुल्लवर गनच्या तोंडाची हवा 500 अंशांच्या पुढे जाते. जेलकोटमधलं पॉलिएस्टर रेझिन त्याच्या कितीतरी आधी मऊ पडतं: जेलकोट पिवळा पडतो, फुगतो किंवा खालच्या मॅटची वीण वर उमटते. फिल्मही वितळून लोंबते. आपल्याला हवे आहेत 50 ते 60 अंश. तळहात टेकवता येतो पण फार वेळ ठेववत नाही, इतकंच. गन 15-20 सेंटिमीटर लांब, हात चालता. कोपरा प्लॅस्टिकच्या पट्टीने उचलायचा, फिल्म सरळ बाहेर न खेचता स्वतःवरच दुमडून हळूहळू मागे न्यायची, आणि गनची हवा सोलण्याच्या रेषेवर ठेवायची. तुटायला लागली तर जोर वाढवायचा नाही. वेग कमी करायचा किंवा थोडं गरम करायचं. घाईत ओढली की फिल्म हातात आणि गोंद बोटीवर. मे महिन्यात दुपारी गडद फिल्म उन्हानेच गरम होते, तिथे गनही फारशी लागत नाही. म्हणून सोलायचं उन्हात, गोंद काढायचा सावलीत.

चकाकणारं, म्हणजे रिफ्लेक्टिव्ह रेडियम वेगळं त्रासदायक. त्याचा वरचा थर सुटतो आणि चंदेरी थर गोंदासकट खाली राहतो. त्याला दुसऱ्यांदा उष्णता द्यावी लागते. बारीक पट्ट्यांसाठी ड्रिलला लावायचं रबराचं चाक मिळतं, ते उत्तम. फिल्म आणि गोंद दोन्ही खातं. ते 4000 आरपीएमच्या आतच चालवायचं आणि एका जागी थांबवायचं नाही. अँगल ग्राइंडरला तर मुळीच लावू नका. तो 11,000 च्या आसपास फिरतो, चाक फुटतं. आणि थिनर किंवा टर्पेंटाइन मारलेल्या जागेवर हीट गन कधीच नाही.

“ओव्हन क्लीनर फवारा.” परदेशी व्हिडिओंतून आलेली युक्ती. त्यात सहसा कॉस्टिक सोडा असतो. जुन्या इनॅमलने रंगवलेलं नाव त्याने खरंच सुटतं, कारण कॉस्टिक सोडा तेलाचा रंग तोडतो. रेडियमवर त्याचा फारसा उपयोग नाही, पीयूवरही नाही. जेलकोटवर जास्त वेळ राहिला तर पृष्ठभाग मंद होतो. ॲल्युमिनियमच्या बोटीवर किंवा रेलिंगवर पडला तर धातूच खातो. डोळ्यांचं वेगळं सांगायला नको.

“ब्लेडने खरवडा.” बोटीचं अंग गोलसर, ब्लेड सरळ, त्यामुळे कोपरा टोचतोच. 0.1 मिमीचा ओरखडा किरकोळ वाटतो, पण जेलकोटचा तो पाचवा हिस्सा. ओरखडा खोल गेलाच तर जेलकोट पेस्ट भरावी लागते: 100 ग्रॅमला 1 ते 2 ग्रॅम हार्डनर, डोळ्याला चष्मा, आणि वरून ओएचपी शीट (पारदर्शक प्लॅस्टिकचा कागद) दाबून लावायची. साधा जेलकोट हवेत उघडा राहिला तर वरून चिकटच राहतो.

“सावलीवर वॉटर पेपर मारा.” सगळ्यात महागात पडणारा सल्ला. रेडियमखालचा जेलकोट उन्हापासून वाचलेला असतो. त्याचा मूळ रंग तसाच राहतो. फिका आणि खडूसारखा झालेला असतो तो आजूबाजूचा. म्हणजे सावलीची जागा चांगली आहे, आणि आपण तीच घासतो! त्याने खड्डा होतो, चकाकी वेगळी दिसते, नाव तरीही वाचता येतं.

घासायचं ते आजूबाजूला, कडांपासून लांबपर्यंत. आधी फक्त रबिंग कंपाउंड लावून बघा; पांढऱ्या बोटीवर पुष्कळदा तेवढ्यावर भागतं. नाही भागलं तर पेन्सिलने आडव्या-उभ्या रेघा मारून 1000 नंबरचा वॉटर पेपर, पाणी आणि लाकडी ठोकळा. रेघा गेल्या की थांबायचं. मग 1500, 2000, त्यानंतर कंपाउंड. मशीन 1200 ते 1800 आरपीएमवर, लोकरीचा पॅड, कडांवर हाताने. पॅड एका जागी दाबून धरला तर जेलकोट तापून जळतो. गडद निळ्या किंवा लाल बोटीवर सावली पूर्ण जात नाही, हे कबूल करावं. तिथे नवं नाव थोडं मोठं करून जुन्या जागीच लावणं हाच शहाणपणा.

शेवटी मेण लावायचं, पण नवं रेडियम जिथे बसणार ती जागा मास्किंग टेपने वाचवून. मेणावर गोंद धरत नाही. रेडियमवाल्याकडे कास्ट (पातळ ओतून बनवलेली) फिल्म मागा, कॅलेंडर्ड (रोलरमध्ये दाबून ताणलेली) नको: कास्ट महाग पडते, पण फारशी आकसत नाही आणि पुढच्या वेळी बहुधा अखंड सोलते. नोंदणी क्रमांक काढणार असाल तर आधी फोटो काढा, जागा आणि अक्षरांची उंची मोजून ठेवा, आणि तो परत लागल्याशिवाय बोट पाण्यात टाकू नका.