आईचा मोतीबिंदू आणि मिहीरचा चेहरा

आईच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हा डॉक्टर म्हणाले, "टीव्ही जरा कमी बघा." आईने त्यातलं 'बघा' ऐकलं, मी 'कमी' ऐकलं. घरी आल्याआल्या मी रिमोट उचलला आणि तांदळाच्या डब्यामागे लपवला. पुढचे आठ दिवस जे भोगलं, त्याचं मूळ या एका कर्तबगारीत आहे. टीव्ही चालू असता तर आई एका वेळी एकच मालिका बघत बसली असती. तो बंद म्हणून तिने गेल्या तीस वर्षांतल्या सगळ्या लावल्या. तोंडी.

बरं, एकटीने लावल्या असत्या तरी निभावलं असतं. पण दुपारी दोनच्या ठोक्याला वरच्या मजल्यावरच्या कुसुमकाकू यायच्या, "काय म्हणतोय डोळा?" असं विचारायच्या आणि डोळ्याने काही म्हणायच्या आत खुर्ची ओढून बसायच्या. मागोमाग पलीकडच्या गल्लीतून नलूमावशी. मी आठवडाभर घरून काम करायची परवानगी घेतलेली. माझा लॅपटॉप आणि आईची कॉट यांच्यामध्ये फक्त एक पडदा. पडद्याने दिसायचं थांबतं, ऐकू जास्तच येतं.

पहिला दिवस 'चार दिवस सासूचे'वर गेला. रोहिणी हट्टंगडी सासू, कविता लाड सून. 2001 ला सुरू झालेली ही मालिका 2013 पर्यंत चालली आणि 3200 भाग झाले. म्हणजे सासूच्या एकेका दिवसाला आठशे भाग. त्यातले निदान दोन दिवस तरी आमच्या कॉटवर तपशीलवार होऊन गेले असावेत, कारण मावशीला गोष्टीपेक्षा साड्या जास्त आठवतात आणि एकेका साडीला काठ, पदर, ब्लाउज असं सगळं असतं.

दुसऱ्या दिवशी गाडी थेट दूरदर्शनवर गेली. 'शांती'. 1994. मंदिरा बेदी.

इथे मात्र मीही थोडा गुंतलो, हे कबूल करतो. तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो, सकाळची शाळा होती, आणि आमच्याकडे नळ आणि शांती दोन्ही दुपारी एकाच वेळी यायचे. आई शांतीसमोर, मी नळासमोर. बादली भरत आली की "भरलीऽऽ" असं ओरडायचं आणि दुसरी लावायची, एवढं माझं काम. त्यामुळे आईवरच्या अन्यायाचा जाब विचारत त्या बड्या लोकांच्या घरात शिरलेली ती पत्रकार मुलगी मी कधी धड पाहिलीच नाही. माझ्या डोक्यात शांती म्हणजे बादलीत पडणाऱ्या पाण्याचा आवाज आणि त्यावर कोणीतरी हिंदीत केलेला आरोप. पुढे सह्याद्रीवर 'दामिनी' आली, प्रतीक्षा लोणकरची. तीही पत्रकारच. दुपारच्या वेळी अन्याय फक्त पत्रकारच निवारतात अशी माझी बरीच वर्षं समजूत होती.

"आणि तीच शांती पुढे मंदिरा झाली," काकू म्हणाल्या.

"ते नाव काढू नका," आई म्हणाली.

ही जुनी जखम आहे. 'क्योंकि सास भी कभी बहू थी'मध्ये स्मृती गेलेला मिहीर ज्या डॉक्टर मंदिराच्या हाती लागतो आणि जी त्याच्या प्रेमात पडते, ती मंदिरा बेदीच. जिच्यासाठी आपण पाण्याच्या बादल्या सोडल्या, तिने दुसरीच्या नवऱ्यावर नजर ठेवावी? नट म्हणून आज एक, उद्या दुसरी भूमिका करतात, वगैरे मी पडद्याआडून सांगून पाहिलं. आई म्हणाली, "करू देत. पण शांती तशी नव्हती."

त्यावर मावशीने नातेसंबंध मांडायला घेतले. ती लग्नाच्या बोलण्यांतही हेच करते. "अगं ताई, 'स्वाभिमान'मधला ऋषभ आठवतो का? रोहित रॉय. तो आपल्या बजाजचा सख्खा भाऊ."

"कुठला बजाज?"

"'कसौटी जिंदगी की'मधला. कोमोलिकाच्या वेळचा. रोनित रॉय गं."

"मग तो मिहीरचाही भाऊ झाला की."

"झालाच. मिहीर तरी कुठे वेगळा?"

साडेआठला मिस्टर बजाज म्हणून एका घरात वावरायचं आणि साडेदहाला मिहीर होऊन दुसऱ्या घरात बायकोसमोर, म्हणजे तुलसीसमोर, उभं राहायचं, हे रोनित रॉयला जमत होतं. पाहणाऱ्यांनाही जमत होतं. मला मात्र त्या दिवशीचा अहवाल दोनदा पाठवावा लागला.

आता मूळ भांडणाकडे येतो. खरा मिहीर कोणता? 'क्योंकि' 2000 ला सुरू झाली तेव्हा अमर उपाध्याय. तो गेला, लोकांनी आकांत केला, तो परत आला. मग इंदर कुमार, मग रोनित रॉय. काकू अमरच्या, आई रोनितची. मधल्याच्या बाजूने आमच्या बिल्डिंगमध्ये कोणी नाही, याचं मलाच वाईट वाटतं. मिहीर गेला त्या वर्षी माझी दहावी होती. काकूंना तो गेल्यावर त्याच्या आजीने, बांनी, काय केलं हे आठवतं, माझे टक्के मात्र खुद्द आईलाही आठवत नाहीत.

भांडण मिटत नाही, कारण तिघींनी एकच मालिका पाहिलेली नाही. काकूंचे मिस्टर रात्रपाळीला, म्हणून त्या साडेदहाला निवांत, सलग बघायच्या. आमच्याकडे बाबा होते तोवर साडेदहाला बातम्या. त्यामुळे आई दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा दाखवतात तो भाग बघायची. आणि भारनियमनाच्या त्या वर्षांत नेमके दुपारीच दिवे जायचे. मावशीची गल्ली दुसऱ्या फीडरवर. मग तुलसी वाक्याच्या मध्यावर असताना आई पायात मिळेल ती चप्पल घालून मावशीकडे धावायची. तिथे वीज असायची, पण मावशी मालिका चालू असताना बोलते. अशा रीतीने एकीकडे सगळी गोष्ट, एकीकडे भोकं पडलेली, आणि एकीकडे साड्या.

अंशचं प्रकरण याच भोकात सापडलं. तुलसीने स्वतःच्या मुलावर पिस्तूल रोखलं आणि आमच्याकडची वीज गेली. आई मावशीकडे पोचेपर्यंत अंश पडलेला. तेव्हापासून आईचं म्हणणं एकच, "गोळी सुटली." काकूंचं म्हणणं, "घातली." सुटली की घातली यावर पाचव्या दिवशी पाऊण तास गेला. मी फोनवर शोधून, घसा साफ करून निकाल दिला की घातली. आई म्हणाली, "त्या फोनला काय माहीत? आई आहे ती." आणि एकदम रडायला लागली.

मी हबकलो. टाक्याबिक्याचं काही होईल, थेंब वाहून जातील, काय काय मनात आलं. पांढऱ्या झाकणाची बाटली नुकतीच झाली होती, दहा मिनिटांनी गुलाबी झाकणाची घालायची होती. दवाखान्यात फोन लावला. तिथल्या बाईंनी घेतला.

"रडलं तर चालतं का?"

"का रडताहेत? दुखतंय का?"

"नाही. मुलाला गोळी लागली." मी मुद्दाम 'लागली' म्हणालो. दोन्ही बाजू राखायच्या होत्या.

पलीकडे शांतता. मग घाबरून, "कोणाच्या मुलाला?"

"तुलसीच्या."

पुन्हा शांतता, पण या वेळी वेगळी. "अंश का?" बाई म्हणाल्या. "अहो, लागली कसली, घातली तिने. बरोबरच केलं. डोळे चोळू देऊ नका. स्वच्छ रुमालाने गालावरचं फक्त टिपा आणि थेंब वेळेवर घाला."

मी आईला रुमालाचं तेवढं सांगितलं.

आठव्या दिवशी तपासणी. डॉक्टरांनी डोळा पाहिला, उत्तम म्हणाले. मग आईने माझ्याकडे बोट दाखवून विचारलं, "टीव्ही बघू का आता?" डॉक्टर माझ्याकडे वळले, "बंद केलात की काय? मी कमी म्हणालो होतो." येताना रिक्षात आई एक अक्षर बोलली नाही. घरी येऊन मी तांदळाच्या डब्यामागून रिमोट काढला, पुसला आणि दोन्ही हातांनी दिला.

त्या रात्री साडेदहाला काकू गुडघा धरत खाली उतरल्या, मावशी जेवूनच आली. 2025 च्या जुलैपासून 'क्योंकि' पुन्हा सुरू झालीय, तुलसी तीच स्मृती इराणी आणि मिहीर अमर उपाध्याय. म्हणजे काकूंचा. पडद्यावर तो दिसताच काकूंनी काही न बोलता नुसती मान हलवली, निवडणूक जिंकलेल्या माणसासारखी.

आई नव्या डोळ्याने बराच वेळ बघत राहिली. तिने कधी नव्हे इतका स्वच्छ अमर उपाध्याय पाहिला असणार. मग तिने उजव्या डोळ्यावर अलगद तळहात धरला आणि ऑपरेशन व्हायचं राहिलेल्या डाव्या डोळ्याने पाहिलं.

"या डोळ्याने अजून रोनितच दिसतो," ती म्हणाली.

डाव्या डोळ्याची तारीख आम्ही अजून घेतलेली नाही.