पडद्यापुढच्या बारा सीटा

सोलापूरहून मुंबईचं विमान सुरू झालं आणि आमच्या घरच्या ग्रुपवर दोन तट पडले. स्टार एअरचं एम्ब्रेअर १७५ विमान १५ ऑक्टोबर २०२५ पासून होटगी रोडच्या विमानतळावरून मुंबईला जायला लागलं. त्यात ७६ सीटा, त्यातल्या पुढच्या १२ बिझनेस क्लासच्या. भाच्याने क्रेडिट कार्डाचे पॉइंट वापरून त्या बारांतली एक पकडली, फोटो टाकला आणि खाली लिहिलं, ‘फुकटात!’ त्यावर काकांचं उत्तर आलं, ‘नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतंय आणि तुम्हाला तासाभरासाठी पडदा लावून बसायचंय.’ मग दिवसभर जे व्हायचं ते झालं. एका बाजूने ‘शहर पुढं जातंय तर तुमच्या पोटात का दुखतंय’, दुसऱ्या बाजूने ‘सरकारचे पैसे नक्की कुणासाठी’. शेवटी भाच्याने मला मधे ओढलं, ‘मामा, तुम्ही तर तिकडं पॉइंटवरच फिरता, सांगा की.’

फिरतो, हे खरं आहे. मी लंडनला राहतो, कामासाठी युरोपात अधूनमधून जावं लागतं, कंपनी इकॉनॉमीचं तिकीट काढते आणि त्या प्रवासाचे पॉइंट माझ्या नावावर जमा होतात. मग कधी सुट्टीत ते पॉइंट खर्चून मी जवळच्या एखाद्या शहराला बिझनेस क्लासने जातो. त्यामुळे या विषयावर काकांच्या बाजूने नाक मुरडायचा मला अधिकार नाही. पण भाच्याच्या ‘फुकटात’वरही माझा विश्वास नाही.

आधी इकडची गंमत सांगतो. युरोपातल्या दोन-अडीच तासांच्या विमानात बिझनेस क्लास म्हणजे काय असतं? सीट तीच. इकॉनॉमीची. तीन-तीनच्या रांगा, गुडघ्यापुढे तेवढीच जागा. फरक एवढाच की मधली सीट रिकामी ठेवतात आणि काही विमानांत तिच्यावर छोटं टेबल बसवतात. एसटीत रुमाल टाकून जागा धरतात ना, तसाच प्रकार, फक्त रुमाल कंपनीने टाकलेला. मागे पडदा असतो, आणि तो पक्का नसतो. त्या दिवशी बिझनेसची तिकिटं जास्त गेली तर तो चार रांगा मागे सरकतो, कमी गेली तर पुढे. प्रवासी चढण्याआधी कर्मचारी येऊन तो हलवतात. म्हणजे सकाळच्या विमानात जी सातवी रांग बिझनेस असते, तीच दुपारी इकॉनॉमी. सीट बिचारी जागच्या जागी.

बाकी मिळतं ते असं: लाउंज, चेक-इनला छोटी रांग, एक जास्तीची बॅग, गरम जेवण आणि उतरताना आधी बाहेर पडणं. यातलं काही खोटं नाही. सकाळी सहाच्या विमानाला लाउंजमधली कॉफी मलाही आवडते. पण ज्याला आपण ‘बिझनेस क्लास’ म्हणून मनात धरलेलं असतं, ती पाय पसरायची खुर्ची, ती तिथे नसते.

आणि इथेच सोलापूरने लंडनवर मात केली आहे. एम्ब्रेअर १७५ लहान विमान असलं तरी स्टार एअरने त्याच्या पुढच्या भागात खरोखर रुंद सीटा बसवल्यात, एका बाजूला एक आणि दुसऱ्या बाजूला दोन अशा. लंडन-पॅरिसला जी खुर्ची मिळत नाही ती सोलापूर-मुंबईला मिळते. हे मी इथल्या एका सहकाऱ्याला सांगितलं तर त्याचा विश्वास बसला नाही. ग्रुपवर मात्र यावर कुणी एक अक्षर बोललं नाही. तिथे सगळे सामाजिक न्यायात गुंतलेले.

आता ‘फुकटात’कडे येऊ. पॉइंटवाल्यांचं एक ठरलेलं गणित असतं. समजा, लंडनहून जवळच्या शहराचं बिझनेसचं तिकीट २२० पौंडांचं आहे. तेच १८,००० पॉइंट आणि वर ३० पौंड भरून मिळतं. म्हणजे १८,००० पॉइंटांनी १९० पौंड वाचवले, एका पॉइंटला एक पेनीहून, म्हणजे पौंडाच्या शंभराव्या भागाहून, थोडं जास्त. वा! पण मी कधी खिशातून २२० पौंड घालून त्या मधल्या रिकाम्या सीटशेजारी बसलो असतो का? मेलो तरी नाही. मी ७० पौंडांचं इकॉनॉमीचं तिकीट काढलं असतं. मग वाचले ४० पौंड, आणि पॉइंटची किंमत उतरली पाव पेनीच्याही खाली. त्याच पॉइंटची किंमत जवळजवळ पाचपट कमी, फक्त ‘नाहीतर काय केलं असतं’ हे खरं बोलल्यामुळे. माझ्या ओळखीतले बहुतेक पॉइंटवाले पहिला आकडा सांगतात, दुसरा सांगत नाहीत.

त्यात सरकारही पडद्याकडे बघून कर लावतं. ब्रिटनमधून निघणाऱ्या जवळच्या परदेशी प्रवासाला २०२५-२६ मध्ये इकॉनॉमीत १३ पौंड प्रवासी कर, बिझनेसमध्ये २८. तिकीट पॉइंटवर काढलं म्हणून तो माफ होत नाही. मधली सीट रिकामी ठेवली म्हणून दुपटीहून जास्त. आपल्याकडेही २२ सप्टेंबर २०२५ पासून इकॉनॉमीला ५ टक्के जीएसटी तसाच राहिला आणि वरच्या वर्गाचा १२ वरून १८ टक्के झाला. काकांना हे सांगितलं तर ते म्हणाले, ‘मग ठीक आहे.’ म्हणजे त्यांचा राग थोडा करपात्र होता.

पण पॉइंट येतात कुठून हा प्रश्न त्याहून मोठा आहे, आणि तो ना भाच्याने विचारला ना काकांनी. कार्ड घासलं की दुकानदाराच्या पैशांतून काही टक्के कापले जातात, त्यातला मोठा वाटा कार्ड देणाऱ्या बँकेकडे जातो आणि त्यातूनच बँक पॉइंट वाटते. युरोपियन युनियनने २०१५ मध्ये या बँकेच्या वाट्यावर मर्यादा घातली, साध्या क्रेडिट कार्डाला ०.३ टक्के, डेबिटला ०.२ टक्के. त्या दिवसापासून इकडच्या साध्या व्हिसा-मास्टरकार्डवर फार पॉइंट मिळणं बंद झालं. वाटायला बँकेकडे पैसाच उरला नाही. भारतात डेबिट कार्डाला रिझर्व्ह बँकेची मर्यादा आहे, क्रेडिट कार्डाला तशी नाही. नव्या पेठेत भाच्याने आईसाठी चादरींचा जोड आणि टॉवेल घेतले, क्रेडिट कार्ड दिलं, तर दुकानदाराच्या हातात दोनेक टक्के कमी पडतात. तेच यूपीआयने खात्यातून दिले असते तर शून्य, कारण जानेवारी २०२० पासून त्यावर दुकानदाराला शुल्क नाही. मग दुकानदार काय करतो? एक तर ‘कार्ड चालत नाही’ म्हणतो, नाहीतर सगळ्यांच्याच भावात ते मिसळतो. म्हणजे रोख मोजून चादर नेणारी विडी कामगार बाई भाच्याच्या विमानातल्या नाश्त्याला दोन-चार रुपये हातभार लावते. हे वाचून भाचा रागावेल. रागावू दे. मीही तेच करतो, इकडे मर्यादा आहे म्हणून माझा वाटा लहान, एवढंच.

शिवाय हे चलन छापणाराच त्याची किंमत ठरवतो. १९८१ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सने माइल्सची, म्हणजे विमान कंपनीच्या स्वतःच्या पॉइंटांची, योजना काढली तेव्हा ती रिकाम्या सीटा भरायची युक्ती होती. आता तो स्वतंत्र धंदा आहे आणि भाव एका मेलने बदलतो. आपल्याकडे अ‍ॅक्सिस बँकेच्या मॅग्नस कार्डाचं २०२३ मध्ये काय झालं ते भाच्याच्या पिढीला पाठ आहे. पाच पॉइंटांचे चार माइल्स व्हायचे, ते सप्टेंबरपासून बहुतेकांना दोन मिळू लागले. साठवून ठेवणाऱ्यांची पुंजी एका तारखेला निम्मी. म्हणून माझा सल्ला एवढाच, पॉइंट साठवू नका. आले की खर्चा, मग ते तासाभराच्या विमानात का असेना.

खर्चायचे कुठे, तर त्याचंही उत्तर मला पॉइंटच्या गणितातून मिळालं नाही. आई आली होती तेव्हा तिला एडिंबरा दाखवायचं होतं. तिचे गुडघे गेलेले, रांगेत उभं राहणं जमत नाही. त्या वेळी मी पाव पेनीचा हिशोब बाजूला ठेवला आणि पुढच्या रांगेची दोन तिकिटं पॉइंटवर काढली. लाउंजमध्ये तिने पिशवीतून शेंगाचटणी काढून तिथल्या सँडविचवर भुरभुरली, ते सोडा. विमानात बसल्यावर ती मधल्या सीटकडे बघत राहिली आणि म्हणाली, ‘ही रिकामीच का? मागं ती बाई पोराला मांडीवर घेऊन बसलीय, तिला बसू द्या की.’ मी म्हटलं, ‘आई, ती रिकामी ठेवायचेच पैसे आहेत.’ तिने माझ्याकडे असं बघितलं की पुढचं वाक्य मी गिळलं. पण उतरताना ती आधी बाहेर पडली, व्हीलचेअर दारात होती, आणि पाय धरून बसायची वेळ आली नाही. ते पॉइंट वाया गेले असं कुणी मला सांगू नये.

तेव्हा काकांना माझं म्हणणं असं: सोलापूरहून मुंबईला टाटा हॉस्पिटलला जाणारी माणसं आहेत, गुडघ्याची, पाठीची, मणक्याची माणसं आहेत. त्यांच्यातल्या एखाद्याने पुढची रुंद सीट घेतली तर त्यात चैन शोधू नका. आणि कुणी निव्वळ मिरवायला घेतली तरी त्यावर तो १८ टक्के भरतोय.

मात्र काकांचा दुसरा मुद्दा, सरकारी पैशांचा, त्याला मी हसण्यावारी नेणार नाही. या मार्गाला राज्य सरकारने २०२५ मध्ये व्हायबिलिटी गॅप फंडिंग मंजूर केलं, म्हणजे तोट्याची तूट भरून काढायचं ठरवलं. त्याआधी ९ जून २०२५ ला सुरू झालेलं फ्लाय ९१ चं गोव्याचं विमान होतं, आणि त्याहीआधी विमानतळासाठी सिद्धेश्वर साखर कारखान्याची नव्वद मीटरची चिमणी १५ जून २०२३ ला पाडली गेली. म्हणजे या धावपट्टीची किंमत शेतकरी सभासदांनीही मोजली आहे. त्यांना ‘तुम्हाला विमान कशाला’ असं विचारायचा हक्क आहे.

इकडे हा वाद कसा सोडवलाय? फ्रान्सने २०२३ मध्ये, जिथे रेल्वे अडीच तासांत पोचवते तिथलं देशांतर्गत विमान बंद केलं, पॅरिसच्या ऑर्ली विमानतळावरून बोर्दो, नाँत, लिऑं ही तीन ठिकाणं. त्या मापाने सोलापूर सुटतं. १० फेब्रुवारी २०२३ ला सुरू झालेली वंदे भारत मुंबईहून ४५५ किलोमीटरला साडेसहा तासांच्या आसपास घेते. दुसरं उदाहरण स्कॉटलंडचं. ग्लासगोहून बारा नावाच्या बेटावर स्कॉटिश सरकारच्या पैशांवर विमान जातं. तिथे धावपट्टी नाही, विमान समुद्राच्या पुळणीवर उतरतं, भरती-ओहोटी बघून वेळापत्रक. छोटं ट्विन ऑटर विमान, त्यात पडदा नाही, पुढची रांग नाही. बेटावरचा सरपंच आणि कोळी शेजारी शेजारी. हे मला पटतं. सरकारने पैसे घालायचे तर ते रोजच्या, वेळेवरच्या, साध्या सीटेसाठी घालावेत. पुढच्या बारा सीटा कंपनीने आपल्या हिमतीवर विकाव्यात, आणि सरकारी मदतीच्या कागदावर हे दोन हिशोब वेगळे दिसावेत. काकांनी पाण्यावर भांडण्यापेक्षा हा कागद मागावा. पाण्याचं भांडण उजनी धरणाच्या पाइपलाइनशी आहे, ते विमान बंद केल्याने सुटणार नाही.

एका बाबतीत मात्र आपलं घर पुढे आहे, हे भाच्यासाठी. घेतलेल्या वर्गातून तुम्हाला खाली बसवलं तर इकडे १५०० किलोमीटरपर्यंतच्या विमानाला तिकिटाचे ३० टक्केच परत मिळतात. भारतात डीजीसीएच्या, म्हणजे विमान वाहतुकीवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी खात्याच्या, २०२३ च्या नियमाने देशांतर्गत प्रवासाला करांसकट ७५ टक्के. इकडे एकदा पडदा पुढे सरकला आणि मी त्याच्या मागे राहिलो, तेव्हा पॉइंटच्या तिकिटाचे ३० टक्के म्हणजे किती, यावर कंपनीशी महिनाभर पत्रव्यवहार चालला. मिळाले ते पॉइंटच.

राहिला माझा स्वतःचा प्रश्न. माझे लंडनचे पॉइंट जिनिव्हाला चालतात, माद्रिदला चालतात, सोलापूरच्या विमानाला चालत नाहीत. मुंबईत उतरल्यावर सामान घ्यायचं, पुन्हा चेक-इन करायचं, दोन्ही तिकिटं वेगळी असल्यामुळे पहिलं विमान लेट झालं तर दुसरं गेलं ते गेलंच. म्हणून सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेला येताना मी अजून रेल्वेचंच रिझर्वेशन करतो. मुंबईचं विमान रोज, ठरल्या वेळेला, आणि पुढची दोन-तीन वर्षं न चुकता उडतंय असं दिसलं, तर मागच्या चौसष्टांतली एक सीट मी रोख पैसे मोजून घेईन.