आंबुशीच्या रसाने मूतखडा विरघळत नाही

पावसाळा लागला की कोकणातल्या फोनांवर हा संदेश फिरू लागतो: परड्यातल्या हृदयाकार तीन पानांच्या आंबुशीचा वाटीभर रस रोज अनशापोटी, तांब्याच्या भांड्यातून घ्या, मूतखडा विरघळेल. फूल पिवळं असो की गुलाबी, गुण एकच. नैसर्गिक आहे, अपाय नाही.

‘मूतखडा विरघळतो.’ नेमकं उलट होण्याची भीती आहे. बहुतेक मूतखडे कॅल्शियम ऑक्झलेटचे असतात आणि आंबुशीची आंबट चव मुख्यतः ऑक्झॅलिक आम्लाची, म्हणजे त्याच ऑक्झलेटची. रसातलं ऑक्झलेट आतड्यातून रक्तात आणि तिथून लघवीत उतरतं, तिथे कॅल्शियमला भेटून त्याचे स्फटिक होतात. हा गैरसमज बहुधा लिंबामुळे झाला असावा. लिंबातलं सायट्रेट लघवीतलं कॅल्शियम धरून ठेवतं, म्हणून खडा व्हायला अडथळा येतो. आंबट दोन्ही, पण आम्लं वेगळी.

आयुर्वेदातही चांगेरी, म्हणजे आपली आंबुशी, येते ती अतिसार आणि ग्रहणी, म्हणजे जुनाट पोटाच्या तक्रारींसाठी. चांगेरी घृत हे औषधी तूप त्यातलंच. अश्मरीसाठी, म्हणजे मूतखड्यासाठी, नावं घेतली जातात ती वरुण, पाषाणभेद, गोखरू यांची. वरुण म्हणजे वायवर्णा, ज्याच्या कोवळ्या पाल्याची भाजी आपण करतो. त्याचं पानही तीन दलांचं. कुणीतरी कुठेतरी गल्लत केली असेल.

‘नैसर्गिक आहे, अपाय नाही.’ बिंबलं ही आंबट फळं आंबुशीच्याच कुळातली. केरळात कोलेस्टेरॉल उतरावं म्हणून बिंबलांचा रस प्यालेल्या दहा जणांची मूत्रपिंडं अचानक निकामी झाल्याची नोंद 2013 साली वैद्यकीय नियतकालिकात आली. त्यातल्या काहींना डायलिसिस करावं लागलं. हीच बिंबलं माशाच्या कालवणात दोन-चार घातली तर काही होत नाही. घोळ रसात आहे: वाटीभर रसाला पाला ढीगभर लागतो, आणि उपाशीपोटी ऑक्झलेटला आतड्यातच अडवणारं कॅल्शियम नसतं. मूतखडा होऊन गेलेल्यांनी आणि मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी हा रस घेऊच नये.

‘पिवळं असो की गुलाबी.’ पिवळ्या फुलाची आंबुशी जमिनीसरपट वाढते, पेरापेराला मुळं धरते. शेंग उभी, टोकदार. पिकल्यावर हात लागला की फुटून बी उडवते. परड्यात, कुंडीत दिसणाऱ्या गुलाबी फुलांच्या जाती मूळच्या अमेरिका खंडातल्या. त्यांना जमिनीखाली बारीक कंद असतात, म्हणून वरून उपटलं तर पानं हातात येतात आणि आठवड्याभरात झाड परत उभं. ऑक्झलेट दोन्हींत आहे, पण भाजी-औषधाची आपली परंपरा पिवळीची.

‘तांब्याचं भांडं.’ आंबट रस तांबं खातो, मग ते पोटात जातं. स्टील, काच किंवा मातीचं भांडं घ्या. याच गुणामुळे समई मात्र छान निघते: मूठभर पाला चुरडून मीठ लावून घासा आणि लगेच धुऊन पुसा. ओली ठेवली तर पुन्हा काळवंडते.

आता भाजी. दोन मुठी पाला निवडून उकळत्या पाण्यात तीन-चार मिनिटं ठेवा आणि ते पाणी ओतून द्या. विरघळणारं बरंचसं ऑक्झलेट त्यातच जातं. अर्धी वाटी मूगडाळ वेगळी, पूर्ण मऊ शिजवा. डाळ कच्ची असताना पाला टाकला तर आंबटपणामुळे ती दडदडीत राहते, कितीही वेळ उकळा. लसूण, सुकी मिरची, मोहरीची फोडणी, मग पाला, मग डाळ, वर ओलं खोबरं. चिंच किंवा आमसूल नको. रंग शेवाळी पडतो. तो आम्लामुळे, पाला जुना म्हणून नाही.