«ईएमजी नॉर्मल आली म्हणून निर्धास्त राहू नका» : या दाव्यात खरं किती?

हातापायांत त्राण नाही असं वाटतंय, कुठे ना कुठे मांस उडतंय, म्हणून एनसीव्ही (नसांचा वेग मोजणारी चाचणी) आणि ईएमजी (स्नायूत सुई घालून त्यातले विजेचे संकेत पाहणारी चाचणी) करून घेतली. रिपोर्ट नॉर्मल आला. नेमक्या याच टप्प्यावर अनेकांच्या वाचनात एक सल्ला येतो. त्याचा आशय असा : एएलएस हा मोटर न्यूरॉनचा आजार सुरुवातीला ईएमजीत दिसत नाही, स्नायू उडणं ही त्याची पहिली खूण, म्हणून रोज घरी ताकद तपासा, दर तीन महिन्यांनी ईएमजी करा, आणि डॉक्टर ‘चिंतेमुळे होतंय’ म्हणाले तर त्यांना निदान जमलेलं नाही असं समजा. यातल्या दोन-तीन गोष्टींत सत्याचा अंश आहे, त्यामुळेच हा सल्ला पटतो. एकेक मुद्दा घेऊ.

«सुरुवातीच्या एएलएसमध्ये ईएमजी नॉर्मल येते.»

सगळा डोलारा या वाक्यावर उभा आहे आणि ते घटनांचा क्रमच उलटा करतं. मज्जारज्जूतला एक मोटर न्यूरॉन अनेक स्नायूतंतूंना आज्ञा देतो; हाताच्या बारीक स्नायूंत शंभरेक, पोटरीत हजाराच्या वर. न्यूरॉन मेला की त्याचे तंतू पोरके होतात. शेजारचे जिवंत न्यूरॉन नवे फाटे फोडून त्यांना दत्तक घेतात. हे दत्तक घेणं चालू असेपर्यंत ताकद फारशी कमी होत नाही आणि माणसाला काही जाणवतही नाही. सुईला मात्र तेव्हापासूनच दिसू लागतं. स्नायू सैल सोडलेला असतानाही पोरके तंतू आपोआप चमकतात. रिपोर्टमध्ये ते फिब्रिलेशन आणि पॉझिटिव्ह शार्प वेव्ह म्हणून नोंदवतात. दत्तक घेतलेल्या गटांचे संकेत उंच, रुंद आणि दातेरी होतात. जोर लावल्यावर मोजकेच गट भराभर चमकताना दिसतात. दत्तक घ्यायला न्यूरॉन पुरेनासे झाले की मग ताकद जाते.

म्हणजे विजेतला बदल आधी, अशक्तपणा नंतर. पायातला अशक्तपणा महिनोनमहिने जुना आहे, तो याच आजाराचा आहे आणि त्याच स्नायूत घातलेली सुई मात्र पूर्ण गप्प आहे, हे जवळपास अशक्य.

मग हा समज आला कुठून? एएलएसचं निदान पक्कं करायच्या जुन्या निकषांत शरीराच्या अनेक भागांत बदल दिसणं आवश्यक होतं. सुरुवातीच्या रुग्णांत ते एकाच भागात दिसायचे, म्हणून ‘ईएमजी निकषांत बसली नाही’ अशी नोंद व्हायची. त्याचा अर्थ ईएमजी नॉर्मल होती असा मुळीच नाही. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या गोल्ड कोस्ट निकषांनी ही चौकट बरीच सोपी केली. एक अपवाद मात्र खरा आहे : बिघाड फक्त वरच्या, म्हणजे मेंदूकडून येणाऱ्या न्यूरॉनमध्ये असेल तर सुईला काही सापडत नाही. पण मग तपासणीत स्नायू ताठर लागतात, गुडघ्यावर हातोडी मारली की पाय जास्तच उडतो, तळवा खरवडला की अंगठा वर जातो. म्हणून न्यूरोलॉजिस्टने हातांनी केलेली तपासणी आणि ईएमजी या दोन्ही गोष्टी एकत्रच वाचायच्या.

शंका घ्यायचीच असेल तर ती रिपोर्टवर नेमकी घ्यावी. पहिली गोष्ट, सुई खरोखर घातली होती का? नुसत्या एनसीव्हीत त्वचेवरून विजेचे झटके देऊन नसेचा वेग आणि संकेताची उंची मोजतात. एएलएसमध्ये संवेदनांच्या नसा शाबूत असतात आणि सुरुवातीला मोटर एनसीव्हीही ठीक येऊ शकते, त्यामुळे तेवढ्याने या प्रश्नाचं उत्तर मिळत नाही. दुसरी, कोणते स्नायू तपासले? तक्रार उजव्या पावलाची असेल तर स्नायूंच्या तक्त्यात उजवा टिबिअ‍ॅलिस अँटिरिअर (पाऊल वर उचलणारा नडगीचा स्नायू) हवा. नुसते हाताचे स्नायू पाहून पायाबद्दल बोलता येत नाही. तिसरी, तारीख. नस अचानक दुखावली तर फिब्रिलेशन दिसायला साधारण दोन-तीन आठवडे जातात, आणि गियाँ-बारे सिंड्रोममध्ये (नसांवर अचानक होणाऱ्या प्रतिकारशक्तीच्या हल्ल्यात) पहिल्या आठवड्यात एनसीव्ही नॉर्मल येऊ शकते. अशा ताज्या दुखण्यात चाचणी पुन्हा करणं रास्त आहे. सहा महिन्यांच्या तक्रारीला हा युक्तिवाद लागू होत नाही.

«स्नायू उडणं ही पहिली खूण.»

निरोगी माणसांचेही स्नायू उडतात. पापणी आणि पोटरी तर सर्रास. जास्त व्यायाम, कमी झोप, कॅफीन, वाढलेला थायरॉइड, ताण यांनी ते वाढतं. मेयो क्लिनिकमधल्या डॉक्टरांनी १९९३ साली १२१ जणांचा पाठपुरावा प्रसिद्ध केला. त्यांचे स्नायू उडत होते, पण तपासणीत दुसरा दोष नव्हता. २ ते ३२ वर्षांच्या काळात त्यांतल्या एकालाही एएलएस झाला नाही. फॅसिक्युलेशनला, म्हणजे स्नायू उडण्याला, वजन येतं ते त्याच स्नायूत झीज, अशक्तपणा किंवा सुईला सापडलेले बदल असतील तेव्हाच.

«रोज घरी ताकद तपासा.»

सल्ल्यातला सगळ्यात घातक भाग हाच, कारण तो स्वतःच लक्षणं तयार करतो. दिवसातून वीस वेळा टाचांवर आणि चवड्यांवर चालून पाहिलं की पोटऱ्या दुखतात, थरथरतात. सवय नसलेल्या श्रमाचं दुखणं एक ते तीन दिवस राहतं, आणि तेच उद्याच्या ‘चाचणी’त पुरावा म्हणून धरलं जातं. आरशासमोर जीभ बाहेर काढली की ती कुणाचीही थरथरते. डॉक्टर ती तोंडात सैल पडलेली असताना बघतात. जिभेच्या कडेचे खळगे बहुधा दातांचे ठसे असतात. टेपने पोटरी मोजताना टेप बोटभर वर-खाली सरकली तरी माप बदलतं, आणि दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या नसतातच. वापरातला हात थोडा जाड आणि जोरकस असतो.

त्याउलट खरा अशक्तपणा मोजायला बसावं लागत नाही, तो कामात आडवा येतो. चप्पल पायातून निसटते, पाऊल घासत चालतं, शर्टाचं बटण लागत नाही, किल्ली फिरत नाही, आणि हे आठवड्यागणिक वाढत जातं. ‘जड वाटतं, पण सगळं करता येतं’ ही तक्रार खरी आहे, फक्त तिची जात वेगळी.

«दर तीन महिन्यांनी ईएमजी करा.»

ठरावीक अंतराने नाही. न्यूरोलॉजिस्टला तपासणीत नवीन काही सापडलं तर. उगाच सुया टोचत राहिलं की कधीतरी कमरेतल्या जुन्या दाबलेल्या नसेची किरकोळ खूण सापडते आणि नवी भीती सुरू होते. शिवाय सुईने आणि व्यायामाने सीपीके (स्नायूंना इजा झाली की रक्तात वाढणारं एन्झाइम) काही दिवस वाढू शकतं, त्यामुळे ते रक्त ईएमजीच्या आधी द्यावं.

«चिंता म्हणणं म्हणजे निदान न जमणं.»

कधीकधी खरोखर घाईने तसं म्हटलं जातं, हे मान्य करायला हवं. नॉर्मल ईएमजी एएलएसविरुद्ध भक्कम पुरावा आहे, सगळ्या आजारांविरुद्ध नाही. मायस्थेनियासाठी (नस आणि स्नायू जिथे जुळतात तिथल्या आजारासाठी) वेगळी चाचणी लागते : नसेला सेकंदाला दोन-तीन झटके देत स्नायूचा प्रतिसाद घटतो का ते पाहतात, आणि रक्तात अँटिबॉडी तपासतात. स्टेरॉइडमुळे झालेल्या स्नायूदोषातही ईएमजी बहुधा नॉर्मल असते. थायरॉइड, पोटॅशियम, व्हिटॅमिन डी, सीपीके आणि चालू गोळ्यांची यादी, विशेषतः स्टॅटिन (कोलेस्टेरॉलच्या गोळ्या), हे पाहून झालं का, असं विचारणं योग्यच.

पण फंक्शनल अशक्तपणा (नसा आणि स्नायू शाबूत असूनही जोर न लागणं) हे काहीच न सापडल्यावर चिकटवलेलं लेबल नव्हे. त्याच्याही खुणा असतात. १९०८ साली वर्णन झालेली हूवरची खूण घ्या : रुग्ण पाठीवर झोपलेला, डॉक्टरचा हात अशक्त पायाच्या टाचेखाली. ‘टाच खाली दाबा’ म्हटलं की जोर येत नाही. मग ‘दुसरा पाय उचला’ म्हणून त्याला विरोध केला, की तीच टाच हातावर घट्ट दाबली जाते. वाट शाबूत आहे, मुद्दाम जोर लावताना तो पोहोचत नाही. हे ढोंग नाही, आणि त्यावर फिजिओथेरपी आहे. घाबरून भराभर श्वास घेतल्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो, बोटांना मुंग्या येतात, स्नायू आखडतात. तेही खरंच घडतं.

आजाराच्या भीतीवर सीबीटीचा (विचार आणि सवयी बदलायला शिकवणाऱ्या मानसोपचाराचा) उपयोग होतो, काहींना चिंता-नैराश्यावरच्या एसएसआरआय गटातल्या गोळ्यांचाही. कामाची पद्धत साधी आहे : दिवसात किती वेळा स्वतःला तपासलं ते लिहा, दर आठवड्याला तो आकडा निम्मा करा, इंटरनेटवरची शोधाशोध बंद ठेवा, एकच न्यूरोलॉजिस्ट धरा आणि पुढची भेट तारीख ठरवून घ्या. पहिले काही दिवस अस्वस्थता वाढते, नंतर उतरते.

ठरलेल्या तारखेची वाट मात्र पुढच्या गोष्टींत पाहायची नाही : काही दिवसांत पायांकडून वर चढणारा अशक्तपणा, गिळताना ठसका, आडवं झाल्यावर दम लागणं, पापणी पडणं किंवा एकाचे दोन दिसणं, बोलणं जड होणं, लघवी-शौचावरचा ताबा जाणं. जुना रिपोर्ट कितीही चांगला असला तरी अशा वेळी लगेच डॉक्टर गाठायचा. श्वासाचा किंवा गिळण्याचा त्रास असेल तर थेट इमर्जन्सीत.